संभावनाविरह आणि दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथा : ‘देवमाणूस’ मालिकेविषयीच्या प्रेक्षकचर्चेची मीमांसा

दूरचित्रवाणी मालिकांविषयी प्रेक्षक आपापसांत जो वाद घालतात, त्याची दखल आपल्या साहित्यसमीक्षेने क्वचितच घेतली आहे. ‘झी मराठी’वर ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात प्रक्षेपित झालेल्या ‘देवमाणूस’ या मालिकेच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष जाणवते. या मालिकेवर दोन आक्षेप सातत्याने घेतले गेले. पहिला रचनेचा : माणसे एकामागून एक नाहीशी होत असताना गावाला बोगस डॉक्टरचा संशय कसा येत नाही, आणि खटला उभा राहूनही तो सुटतो कसा? दुसरा नीतीचा : खुन्याला देखणा, मिठ्ठास वाणीचा नायक करून घरोघरी पोहोचवावे काय? हे आक्षेप सामान्यतः परस्परांहून भिन्न मानले जातात. त्यांचे मूळ एकच आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रथम कथाप्रकाराचा विचार करावयास हवा. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा किंवा १९९८ मध्ये सुरू झालेली ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका यांत अपराधी कोण, हे रहस्य असते. तेथील रचनादोष म्हणजे कोड्यातील दोष. नीतीचा निवाडा शेवटच्या उलगड्याबरोबर आपोआप होतो. ‘देवमाणूस’मध्ये डॉ. अजितकुमार देव हा मारेकरी आहे, हे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक असते. ठाऊक नसते ते गावाला. त्यामुळे ‘खुनी कोण?’ या प्रश्नाची जागा ‘इतरांना हे दिसत कसे नाही?’ हा प्रश्न घेतो. हा प्रश्न रचनेचा तर आहेच, पण समाजाच्या डोळसपणाविषयीचाही आहे.

अभिनवगुप्ताने सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी पहिले विघ्न ‘संभावनाविरह’ हे आहे. जे घडू शकते असे वाटतच नाही, त्यात चित्त रमत नाही. यावर त्याने सुचविलेला एक उपाय असा की, लोकोत्तर घटनांसाठी प्रख्यात नायक निवडावा. दृढ झालेली प्रसिद्धी विश्वासाला आधार देते. ॲरिस्टॉटलही ‘काव्यशास्त्रा’च्या नवव्या प्रकरणात जवळपास याच निष्कर्षाला येतो. शोकात्मिकाकार प्रसिद्ध नावांना धरून राहतात, कारण जे घडून गेले ते शक्य होते, हे उघड असते. दोन दूरच्या परंपरांतील हे साम्य येथे मार्गदर्शक ठरते.

सातारा जिल्ह्यातील वाई परिसरात २०१६ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमास अटक झाली. सहा हत्यांचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला आणि पुरलेले मृतदेह उकरून काढण्यात आले. मालिकेचा संबंध या प्रकरणाशी जोडला गेला, आणि ‘प्रख्यात’ वस्तूचे काम वृत्तपत्रीय वास्तवाने केले. ‘असे कसे होईल?’ या शंकेला ‘असे झाले आहे’ हे उत्तर तयार होते.

रायपूरच्या मराठी प्रेक्षकाला वाई दूरची. तेथील बोलीही त्याच्या कानाला परकी. तथापि, या उत्तराची प्रचीती त्याला स्वतःच्या शहरातही मिळाली आहे. येथील एका घराच्या आवारातून २०१७ च्या फेब्रुवारीत एका दांपत्याचे अवशेष काढण्यात आले. काही वर्षांपूर्वी त्यांना तेथे पुरल्याचा आरोप त्यांच्याच मुलावर होता, आणि शेजारपाजारास तोवर त्याचा सुगावा नव्हता. म्हणजे गावाचा संशय न येणे ही ‘देवमाणूस’मधील खरी त्रुटी नव्हे. खरी त्रुटी आहे ती एकाच युक्तीच्या वारंवार यशात. ती दैनंदिन मालिकेच्या लांबीतून येते. कथेच्या गरजेतून नव्हे. प्रेक्षकचर्चेत या दोहोंची गल्लत होते.

परंतु वास्तवाचा आधार विनामूल्य नसतो. अभिनवगुप्ताचे दुसरे विघ्न म्हणजे सुखदुःख ‘स्वतःचे’ वा ‘दुसऱ्याचे’ म्हणून विशिष्ट देशकालात अडकून पडणे. त्याने साधारणीकरण खुंटते. खऱ्या बळींची आठवण जागी असताना नायकाच्या चातुर्याचे कौतुक प्रेक्षकाला बोचू लागते. ‘दृश्यम्’ या कल्पित कथेत – २०१३ चा मूळ मल्याळम चित्रपट असो की २०१५ चे निशिकांत कामत दिग्दर्शित हिंदी रूप – प्रेक्षक अपराध झाकणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने निःसंकोच उभा राहतो, आणि नीतीचा वाद कथेच्या सीमेत राहतो. ‘देवमाणूस’मध्ये तो सीमा ओलांडतो. थोडक्यात, ज्या औषधाने पहिले विघ्न दूर केले, त्यानेच दुसरे ओढवले. रचनेचा आणि नीतीचा आक्षेप एकाच निवडीच्या दोन बाजू आहेत.

यातून सुटण्याची वाट मालिकेच्या शीर्षकातच होती. ‘देवमाणूस’ हे विशेषण गाव देते. जेथे दवाखाना दूर आणि पदवी विचारणे अशिष्ट, तेथे वेळेला धावून येणाऱ्याला देवपण सहज मिळते. हा धागा मध्यवर्ती ठेवला असता तर गावाची अंधता संभाव्य ठरली असती. कथाही एका इसमापुरती न राहता साधारणीकृत झाली असती. मालिकेने मात्र सरू आजीच्या म्हणींचा विनोद आणि पुढच्या सावजाची उत्कंठा यांवर अधिक भर दिला. ‘गावाला कळत कसे नाही?’ असे विचारणारा प्रेक्षक केवळ चूक काढीत नव्हता. मालिकेने अर्धवट सोडलेला प्रश्न तो पुढे नेत होता, आणि समीक्षेने त्याच्याकडून तो स्वीकारणे अगत्याचे आहे.