आराखडा कोणाचा? : कॅनडातील आदिवासी समूह, स्वच्छ ऊर्जा आणि नियोजनाचा निधी

प्रास्ताविक

कॅनडाच्या उत्तरेकडील व दुर्गम प्रदेशांत विजेच्या मुख्य जाळ्याशी न जोडलेल्या अनेक वस्त्या आहेत. संघशासनाच्या २०११ सालच्या अहवालात अशा २९२ वस्त्यांची नोंद असून त्यांपैकी सुमारे १७० आदिवासी समूहांच्या आहेत. यांतील बहुतेक वस्त्यांची वीज डिझेलच्या जनित्रांतून येते. ते डिझेल कोठे उन्हाळ्यात जहाजाने, कोठे हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवरून काढलेल्या रस्त्याने, तर कोठे चक्क विमानाने आणावे लागते. या परावलंबनातून सुटका व्हावी म्हणून गेल्या काही वर्षांत शासनाने मोठा निधी उपलब्ध करून दिला आहे. त्यातील एक लहानसा हिस्सा केवळ नियोजनासाठी, म्हणजे पाहणी, व्यवहार्यतेचा अभ्यास, प्रशिक्षण आणि ऊर्जा-आराखडा यांसाठी असतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा लहानसा हिस्साच आहे. कारण आराखडा मंजूर होतो तेव्हा पुढील वीस-पंचवीस वर्षांचे बरेचसे निर्णय होऊन गेलेले असतात.

येथे संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. 'इंडिजिनस' या शब्दासाठी 'मूलनिवासी' हा पर्याय सुचतो, परंतु महाराष्ट्रात त्या शब्दाला स्वतंत्र वैचारिक इतिहास आहे. म्हणून 'आदिवासी' हाच शब्द योजला आहे. कॅनडाच्या १९८२ च्या संविधान-कायद्याने ज्यांचे हक्क मान्य केले ते फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटिस असे तीन भिन्न समूह त्यात अभिप्रेत आहेत.

'स्वच्छ' या विशेषणाचा पूर्वेतिहास

१९७१ मध्ये क्वेबेक प्रांताच्या शासनाने जेम्स बे येथील प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ज्या क्री आणि इन्युइट लोकांच्या शिकारीच्या व मासेमारीच्या भूमीवर तो उभा राहणार होता, त्यांना आधी विचारलेही गेले नाही. न्यायालयीन लढ्यानंतर १९७५ मध्ये करार झाला, परंतु नद्या वळविण्याचे नियोजन तोवर अन्यत्रच पार पडले होते. जलविद्युत धूर सोडत नाही, या अर्थाने ती स्वच्छच म्हणावयाची. मात्र ज्यांच्या भूमीवर ती उभी राहिली त्यांच्या स्मृतीत ती बुडीत म्हणून नोंदली गेली आहे. तेव्हा एखाद्या आदिवासी परिषदेने शासनाच्या स्वच्छ ऊर्जेच्या प्रस्तावाकडे संशयाने पाहिले, तर त्यास अज्ञान म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान ठरेल.

ऑन्टारिओतील किआश्के झागिंग अनिशिनाबेक (गल बे) या वस्तीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. निपिगॉन सरोवराकाठच्या या समूहाची जमीन पूर्वीच्या जलविद्युत योजनांमुळे बाधित झाली होती. त्या जुन्या तक्रारीच्या वाटाघाटींतूनच प्रांतिक वीज कंपनीबरोबर नवा प्रकल्प आकारास आला. २०१९ मध्ये तेथे ३६० किलोवॅट क्षमतेचे सौर-संच व विद्युत-संचयक यांचे सूक्ष्मजाल सुरू झाले. ते ज्या संस्थेच्या मालकीचे आहे, तिचे नाव 'गिझिस', म्हणजे त्यांच्या भाषेत सूर्य. आणि ही संस्था समूहाची स्वतःची आहे.

निधीची भाषा

ग्रामीण व दुर्गम वस्त्यांसाठीची २२ कोटी डॉलरची योजना २०१८ मध्ये आली. २०१९ मध्ये आदिवासी समूहांतील निवडक व्यक्तींना प्रशिक्षण व आराखड्यासाठी साहाय्य देणारा डिझेलमुक्तीचा उपक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये 'वाह-इला-तूस' या नावाने एकच खिडकी उघडून २०२७ पर्यंतच्या काळासाठी ३० कोटी डॉलर ठेवण्यात आले. निरनिराळ्या खात्यांचे दरवाजे ठोठावण्याचा त्रास या खिडकीने कमी होतो, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि २०२१ च्या अर्थसंकल्पातील दोन रकमा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. उत्तरेतील जलविद्युत व वीजवाहिन्या यांच्या व्यवहार्यतेसाठी आणि नियोजनासाठी तीन वर्षांकरिता ४.०४ कोटी डॉलर. आणि फर्स्ट नेशन्स, इन्युइट व मेटिस समूहांत स्थानिक प्रकल्पांची क्षमता उभारण्यासाठी, तेवढ्याच मुदतीकरिता, ३.६ कोटी डॉलर. म्हणजे मोजक्या मोठ्या प्रकल्पांचा विचार करण्यासाठी जेवढे मिळाले, त्याहून कमी रक्कम देशभरातील समूहांना स्वतः विचार करता यावा यासाठी मिळाली.

त्यातही हा निधी अर्जाने मागावा लागतो आणि मुदतीने संपतो. अर्जाची विद्या ज्यास अवगत, त्यास निधी. प्रस्तुत लेखिकेने एका लघु संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव भरताना, संशोधनाला प्रारंभ होण्यापूर्वीच 'अपेक्षित निष्कर्ष' असा रकाना भरला आहे. प्राध्यापक-वाचकांपैकी अनेकांस हा अनुभव अपरिचित नसावा. आपल्याकडे त्याचे पर्यवसान फार तर एका निरस अहवालात होते. दोन-चार कर्मचाऱ्यांवर पाणी, शाळा, आरोग्य असे सर्वच विषय सांभाळणाऱ्या आदिवासी परिषदेला मात्र अशा वेळी बाहेरच्या सल्लागाराचा आश्रय घ्यावा लागतो. मुदत संपते, सल्लागार परततो आणि त्याच्याबरोबर आकडेमोडही परतते.

या निधीचे प्रमुख माप म्हणजे वाचविलेले डिझेल, लिटरमध्ये. हे माप मोजण्यास सोपे आहे, एवढाच त्याचा गुण. थंड प्रदेशातील या वस्त्यांत ऊर्जेचा मोठा वाटा विजेवर नव्हे, तर घर उबदार ठेवण्यावर खर्च होतो. उष्णतेच्या प्रकल्पांनाही या योजनांतून मदत मिळते, हे खरे. परंतु घरांची दुर्दशा आणि दाटी हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा, दुसऱ्या अर्जाचा. ज्या घराच्या भिंतींतून ऊब निसटते त्याच घराच्या छपरावर सौर-संच बसविण्याचा आराखडा त्यामुळे निर्दोष ठरू शकतो.

ओल्ड क्रो : यशाची अपुरी कथा

यूकॉनमधील ओल्ड क्रो ही ध्रुववृत्तापलीकडील, सुमारे २५० लोकांची वस्ती. तेथे रस्ता जात नाही. २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील ९४० किलोवॅटच्या सौर प्रकल्पामुळे वर्षाला सुमारे १,८९,००० लिटर डिझेल वाचावे अशी अपेक्षा आहे. उन्हाळ्याच्या न मावळणाऱ्या दिवसांत जनित्रे बंद ठेवता येतात. हिवाळ्याच्या अंधारात ती पुन्हा चालू करावी लागतात. या प्रकल्पाचा उल्लेख सहसा तंत्रज्ञानाच्या यशाची कथा म्हणून होतो. लेखिकेच्या मते कथेचा प्रारंभ १९९३ मध्ये आहे. त्या वर्षी वुंतुत ग्विचिन समूहाने स्वशासनाचा करार केला. त्यामुळे प्रकल्पाची मालकी समूहाच्या स्वतःच्या शासनाकडे राहिली आणि वीज कंपनीशी २५ वर्षांचा खरेदी-करार करताना समोरासमोर बसण्याचे स्थान त्यास लाभले. हे स्थान कोणत्याही नियोजन-अनुदानातून निर्माण झालेले नव्हते.

इतरांची स्थिती अशी नाही. १८७६ पासून चालत आलेल्या इंडियन ॲक्टनुसार राखीव भूमीवरील मालमत्ता सर्वसाधारण सावकारास तारण देता येत नाही. साहजिकच बँका हात आखडता घेतात. २०२४ मध्ये संघशासनाने आदिवासी समूहांच्या कर्जांसाठी ५०० कोटी डॉलरपर्यंतच्या हमीची योजना आणली व २०२५ मध्ये ती १,००० कोटींपर्यंत नेली. पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र हमी मागण्यासाठी हाती ठोस प्रकल्प हवा आणि त्यासाठी आधी आराखडा; म्हणजे ज्यांना पहिली पायरी चढता आली नाही त्यांच्यासाठी हा दरवाजा पाचव्या मजल्यावर आहे.

सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यावाच लागतो, असा आक्षेप यावर घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. परंतु हिशेब कशाचा, हे आधी ठरावे लागेल. एखाद्या समूहातील तरुण व्यक्तीस दहा वर्षे ऊर्जा-नियोजक म्हणून वेतन दिले, तर पहिल्या तीन वर्षांत एक लिटरही डिझेल वाचणार नाही. आणि त्या नियोजकाने ग्रामसभेत चर्चा करून 'आधी घरे दुरुस्त करू, सौर-संच नंतर' असा निष्कर्ष काढला, तर तो लिहिण्यासाठी आजच्या अर्जात रकाना नाही.