गूगलचं पहिलं पान आणि आपलं नाव

गेल्या महिन्यात आमच्याकडे कोर्सवर्कच्या मुलामुलींसाठी ‘संशोधकाची ऑनलाइन प्रतिमा’ या विषयावर व्याख्यान झालं. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं (खरं तर नंतरच्या चहासाठी थांबले होते). साधनव्यक्ती बोलत होते छान, मुलं भराभर उतरवून घेत होती. पहिली सूचना अशी की स्वतःचं नाव गूगलवर टाका आणि पहिल्या पानावर काय येतं ते बघा. दुसरी अशी की नको ते काही दिसलं तर ते काढण्याच्या मागे लागू नका, त्याच्या वर दहा चांगल्या गोष्टी कशा येतील ते बघा. लिंक्डइन, रिसर्चगेट, स्वतःची वेबसाइट, सगळीकडे एकच फोटो, एकच परिचय, आणि प्रत्येक पानावरून बाकीच्या पानांची लिंक. ‘दुसऱ्या पानावर कोणी जात नाही’ हे वाक्य तासाभरात तीनदा आलं.

पहिल्या सूचनेशी माझं भांडण नाही. आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे किती आणि त्यांची आद्याक्षरं किती सारखी, हे तुम्हाला माहीतच आहे. एस. पाटील या नावाने रसायनशास्त्रातही पेपर असतात आणि मृदाशास्त्रातही. लग्नानंतर आडनाव बदललं तर आधीचे पेपर कोणाचे, हा आणखी एक घोळ. त्यासाठी ऑर्किड आहे. 2012 पासून सुरू झालेला, सोळा अंकी, फुकट मिळणारा क्रमांक. अजून काढला नसेल तर आज रात्री काढा, पाच मिनिटांचं काम आहे. आपलं काम आपल्या नावावर नीट दिसावं यात गैर काही नाही.

खटकली ती दुसरी सूचना. का, ते कळायला शोधयंत्र क्रम कसा लावतं हे थोडं बघावं लागेल. ब्रिन आणि पेज यांनी 1998 मध्ये पेजरँक मांडला. त्यामागची कल्पना मुळात आपल्याच क्षेत्रातली आहे. ज्या पेपरचा उल्लेख इतर पेपर करतात तो महत्त्वाचा, आणि उल्लेख करणारा स्वतः महत्त्वाचा असेल तर आणखी महत्त्वाचा. पेपरच्या जागी वेबपान ठेवा, सायटेशनच्या जागी लिंक. आज क्रम लावताना याखेरीज शेकडो गोष्टी बघितल्या जातात, पण पाया असा आहे की दुसऱ्यांनी दिलेली साक्ष मोजायची. मग मी माझीच आठ पानं करून ती एकमेकांना जोडली तर काय होतं? माझीच आठ साक्षीदारांच्या वेशातली रूपं कोर्टात उभी राहतात. पेपरात हेच केलं तर आपण त्याला सेल्फ-सायटेशन म्हणतो आणि नाक मुरडतो. स्लाइडवर आलं की त्याचं ‘प्रोफाइल बिल्डिंग’ होतं.

हे किती सोपं आहे ते स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या संशोधकांनी करून दाखवलं होतं. त्यांनी ‘पँतानी-कोंतादोर’ अशा बनावट लेखकाच्या नावाने सहा खोटे पेपर तयार करून विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवले. त्या सहा पेपरांत आपल्या गटाच्या 129 पेपरांचे संदर्भ भरले. गूगल स्कॉलरने ते निमूटपणे मोजले आणि 774 सायटेशन्स वाढली. पँतानी आणि कोंतादोर ही डोपिंगच्या वादात सापडलेल्या दोन सायकलपटूंची आडनावं आहेत. विनोद कोणाच्या लक्षात येतो का, तेही त्यांना बघायचं असावं.

इथवर फार तर आकडे फुगतात, माणूस मरत नाही. पुढची गोष्ट वेगळी आहे. ती व्याख्यानात यायलाच हवी होती असं मला वाटतं.

अनिल पोट्टी हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात कर्करोग संशोधक होते. ट्यूमरमधल्या जनुकांवरून कोणत्या रुग्णाला कोणती केमोथेरपी लागू पडेल हे आधीच सांगता येतं, असा दावा करणारा त्यांच्या गटाचा पेपर 2006 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनमधल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोघांनी तो पडताळायला घेतला आणि आकडे जुळेनात. एक चूक तर अशी होती की जनुकांची यादी एका ओळीने सरकली होती, म्हणजे यादीतली नावं भलत्याच जनुकांची होती. एक्सेलमध्ये कधी ना कधी आपल्या सगळ्यांच्या हातून हे झालेलं असतं. फरक एवढाच की इथे त्या यादीच्या भरवशावर 2007 पासून रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या. शंभरावर रुग्ण त्यांत होते. चाचण्या 2009 मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2010 मध्ये कायमच्या बंद पडल्या. त्याच वर्षी ‘द कॅन्सर लेटर’ने बातमी दिली की बायोडेटातली ऱ्होड्स शिष्यवृत्तीही खरी नव्हती. पोट्टींनी राजीनामा दिला, पेपर एकामागून एक मागे घेतले गेले. अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने 2015 मध्ये संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला. त्यांनी तो मान्यही केला नाही, नाकारलाही नाही.

आता आपल्या विषयाकडे. 2011 मध्ये, वाद ताजा असताना, त्यांच्या नावाची एकाहून जास्त संकेतस्थळं दिसू लागली. त्यांत डॉक्टरांचं काम, आवडीनिवडी, कुटुंबवत्सलपणा, सगळं होतं, फक्त वाद नव्हता. ऑनलाइन प्रतिमा सांभाळणाऱ्या व्यावसायिकांची मदत घेतल्याच्या बातम्याही आल्या. म्हणजे आमच्या स्लाइडवरची दुसरी सूचना, शब्दशः. मी रुग्णाच्या जागी स्वतःला ठेवून बघते. आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव तो फोनवर टाकतो, पहिलं पान बघतो आणि खिशात ठेवतो. दुसऱ्या पानावर कोणी जात नाही, हे खरंच आहे. म्हणूनच तर ते भयंकर आहे.

पुढचा प्रकार आणखी उघड होता. मागे घेतलेल्या पेपरांवर लिहिणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’वरचे पोट्टींविषयीचे दहा लेख फेब्रुवारी 2013 मध्ये एकदम गायब झाले. भारतातून चालणाऱ्या एका बातम्यांच्या संकेतस्थळाने तक्रार केली होती की हे लेख मूळचे आमचे, यांनी चोरले. झालं होतं नेमकं उलट, आणि त्या संकेतस्थळाचं डोमेन तर लेखांनंतर नोंदलेलं निघालं. पण अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात अशी तक्रार आली की जागा पुरवणाऱ्या कंपनीने आधी मजकूर उतरवायचा, नाहीतर जबाबदारी तिच्या अंगावर येते. खरंखोटं नंतर. लेख पुढे परत आले. या तक्रारीमागे स्वतः पोट्टी होते असं कुठे सिद्ध झालेलं नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच की ‘वर चांगलं चढवा’ आणि ‘वाईट उतरवा’ यांच्यात एका पायरीचं अंतर आहे, आणि दोन्हींत मूळ चुकीला कोणी हात लावत नाही.

याच प्रकरणातला ब्रॅडफर्ड पेरेझ मात्र फार थोड्यांना माहीत आहे. तो ड्यूकमध्ये वैद्यकीचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता, पोट्टींच्या प्रयोगशाळेत संशोधनाचं वर्ष करत होता. 2008 मध्येच, म्हणजे बोभाटा व्हायच्या दोन वर्षं आधी, त्याने विश्लेषणातल्या चुका लेखी मांडल्या. कोणी फारसं ऐकलं नाही. तेव्हा त्याने पेपरांवरून आपलं नाव काढून घेतलं आणि संशोधनाचं अख्खं वर्ष दुसरीकडे पुन्हा केलं. त्याचं ते टिपण बाहेर आलं 2015 मध्ये. मधली सात वर्षं गूगलवर त्याच्या नावासमोर यातलं काहीच दिसत नव्हतं. व्याख्यानाच्या फूटपट्टीने त्याची ऑनलाइन उपस्थिती कच्चीच ठरली असती.

प्रश्नोत्तरांत मी हे विचारलं. सर म्हणाले, ‘ते अपवाद झाले, तुम्ही आधी दिसा तर खरं.’ वेळ संपत आली होती. आणि दिसणं लागतं हे मला नाकारता येत नाही. पोस्टडॉकच्या अर्जात प्रोफाइलची लिंक मागतात, निवड समितीतलं कोणीतरी नाव टाकून बघतंच.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. दुसऱ्या वर्षाला माझ्या प्रोफाइलवर आपोआप नऊ पेपर चढले होते, माझ्याच आद्याक्षरांच्या कोणा दुसऱ्या बाईंचे. माझा एच-इंडेक्स एकावरून पाचावर गेला. ‘करू नंतर’ म्हणत मी ते चार महिने तसंच ठेवलं. त्या काळात एका शिष्यवृत्तीच्या अर्जाला ती लिंकही जोडली. शिष्यवृत्ती मिळाली नाही, म्हणून वाचले असं आज वाटतं. नऊ पेपर काढायला लागली ती दहा मिनिटं. पुढच्या प्रगती अहवालाच्या वेळी गाइडनी स्क्रीनकडे बघून विचारलं, ‘अगं, हे कमी कसे झाले?’ मी सांगितलं, आणि मॅडम पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.