गणेशला कोणी विचारले? ‘फ्री बेसिक्स’ वादातील युक्तिवादांची चिकित्सा

प्रस्तावना

तंत्रज्ञानविषयक बातम्या आणि त्यांवरील वाद आपण रोज वाचतो. नवा फोन, नवे अ‍ॅप, नवी योजना आली की बाजूने आणि विरोधात लिहिणारे तयार असतात. त्या लेखनाचा युक्तिवाद म्हणून अभ्यास मात्र क्वचित होतो. या पाठात २०१५-१६ मधील ‘फ्री बेसिक्स’ वादातील काही लेखन तपासायचे आहे. हा वाद निवडण्याची दोन कारणे आहेत. एक, त्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे होते. दोन, त्या उदाहरणाला मिळालेली काही महत्त्वाची उत्तरे बेंगळुरूतून आली. शेतकरी महाराष्ट्रातला, वाद घालणारे कॅलिफोर्निया, दिल्ली आणि बेंगळुरूचे, आणि चर्चेची भाषा मुख्यतः इंग्रजी, ही स्थितीच विचार करायला लावणारी आहे.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही सेवा भारतात आणली. महाराष्ट्रासह काही राज्यांत ती सुरू झाली. ठरावीक संकेतस्थळे पाहण्यासाठी ग्राहकाला डेटाचे पैसे पडणार नव्हते. सप्टेंबरमध्ये तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. काही सेवांचा डेटा मोफत आणि बाकीच्यांचा विकत, या पद्धतीला ‘झिरो रेटिंग’ म्हणतात. इंटरनेटवरील सर्व मजकुराला जाळे पुरवणाऱ्या कंपनीने सारखेच वागवावे, हे तत्त्व ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणून ओळखले जाते. झिरो रेटिंगने हे तत्त्व मोडते का, हा वादाचा गाभा होता.

त्याची पहिली फेरी एप्रिल २०१५ मध्ये झाली. एअरटेलने ‘एअरटेल झिरो’ जाहीर केले आणि बेंगळुरूची फ्लिपकार्ट त्यात सामील होणार अशी बातमी आली. फ्लिपकार्टच्या प्रमुखांनी आधी झिरो रेटिंगचे समर्थन केले. ग्राहकांनी कंपनीच्या अ‍ॅपला एक-एक तारा देऊन राग व्यक्त केला आणि काही दिवसांतच फ्लिपकार्टने माघार घेतली. त्याच सुमारास ‘ट्राय’च्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, सल्लामसलत पत्रावर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ट्रायने ९ डिसेंबरला डेटाच्या भेदभावी दरांविषयी दुसरे पत्र काढले आणि त्याच महिन्यात रिलायन्सला ‘फ्री बेसिक्स’ तूर्त थांबवायला सांगितले. फेसबुकने मग देशभर जाहिरातींचा सपाटा लावला.

मुख्य संहिता : २८ डिसेंबर २०१५ चा लेख

या दिवशी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त मार्क झुकरबर्ग यांचा लेख आला. लेख छोटा, सोपा आणि कुशलतेने लिहिलेला आहे. त्याची रचना तीन भागांत पाहता येते.

पहिला भाग साधर्म्याचा. ग्रंथालयात सगळी पुस्तके नसतात, सरकारी रुग्णालयात सगळे उपचार मिळत नाहीत, तरी दोन्ही उपयोगी असतात. तसेच मोफत मूलभूत इंटरनेटचे, असे लेखक सांगतो. साधर्म्य पटकन पटते, म्हणूनच ते तपासायला हवे. ग्रंथालयातील पुस्तके कोण निवडतो? ग्रंथपाल किंवा समिती. पैसा कोणाचा? बहुधा जनतेचा. निवड चुकली तर जाब कोणाला विचारायचा, हे वाचकाला माहीत असते. शिवाय ग्रंथालय चालवणारा स्वतः त्यातल्या एका पुस्तकाचा प्रकाशक नसतो. ‘फ्री बेसिक्स’मध्ये अटी ठरवणारी कंपनी फेसबुक आणि त्यात मिळणारी एक प्रमुख सेवाही फेसबुक. तांत्रिक अटी पाळणाऱ्या कोणालाही प्रवेश मिळेल, असे कंपनीचे म्हणणे होते आणि ते नोंदवायला हवे. पण अटी बदलण्याचा अधिकार कंपनीकडेच राहतो. साधर्म्य जिथे जुळायला हवे, त्या निवडीच्या आणि उत्तरदायित्वाच्या जागीच ते तुटते.

दुसरा भाग आकड्यांचा. ‘फ्री बेसिक्स’ने प्रथमच इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी निम्मे लोक तीस दिवसांत पैसे भरून पूर्ण इंटरनेट घेतात, असे लेख सांगतो. मोजणी कंपनीची आहे आणि वाचकाला ती पडताळता येत नाही. ही माणसे एरवीही डेटा विकत घेणार होती का, याचे उत्तर त्या आकड्यात नाही. दुसरा दावा असा की इंटरनेटशी जोडल्या गेलेल्या दर दहा जणांमागे साधारण एक जण गरिबीतून बाहेर येतो. इथे एका शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत. दाव्यातील ‘इंटरनेट’ पूर्ण आहे, देऊ केलेले ‘इंटरनेट’ निवडक. पूर्ण वस्तूचे गुण तिच्या तुकड्याला चिकटवण्याची ही रीत विद्यार्थ्यांनी नीट ओळखून ठेवावी. तंत्रज्ञानाच्या जाहिरातींत ती वारंवार दिसते.

तिसरा भाग गणेशचा. महाराष्ट्रातील हा शेतकरी ‘फ्री बेसिक्स’वर हवामान पाहून पावसाळ्याची तयारी करतो, बाजारभाव पाहून चांगला भाव मिळवतो आणि नव्या पिकांत, जनावरांत पैसे गुंतवतो. मग प्रश्न येतो : गणेशने शेती नीट केली तर इंटरनेटचे काय बिघडते? लेखाचा सगळा भार या प्रश्नावर आहे. त्याला विरोध करणारा माणूस आपोआप गणेशचा वैरी ठरतो.

गणेशची गोष्ट खोटी आहे, असे म्हणण्याची गरज नाही. प्रश्न तिच्यात काय नाही याचा आहे. गणेशला आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही. जमीन किती, पीक कोणते, विहिरीला पाणी आहे की नाही, हे वाचकाला कळत नाही. लेख आला त्या डिसेंबरात महाराष्ट्र सलग दुसऱ्या अपुऱ्या पावसानंतरच्या टंचाईत होता. पुढे चारच महिन्यांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आभाळच कोरडे असेल तर हवामानाचा अंदाज कळून पेरणी वाचत नाही. भावाचेही तसेच. लासलगावचा कांद्याचा भाव फोनवर दिसणे वेगळे आणि तो पदरात पडणे वेगळे. माल साठवायला चाळ हवी, तो न्यायला गाडीभाडे हवे आणि उचल घेतलेल्या व्यापाऱ्याला नाही म्हणण्याची ताकद हवी. माहितीचा उपयोग नाही असे नव्हे. परंतु माहिती हीच अडचण होती आणि ती दूर होताच बाकी सुरळीत झाले, असे सुचवणारी गोष्ट शेतीची कमी आणि जाहिरातीची जास्त असते.

उत्तरे : बेंगळुरू आणि इतरत्र

इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी यांनी विरल शाह यांच्यासोबत त्याच महिन्यात लिहिलेल्या लेखात ‘फ्री बेसिक्स’ला कुंपण घातलेली बाग म्हटले आणि पर्याय सुचवला : सरकारने लोकांना डेटाच थेट लाभ म्हणून द्यावा, तो कुठे वापरायचा हे त्यांनी ठरवावे. या युक्तिवादाचे बळ असे की तो गरज नाकारत नाही. गरिबाला इंटरनेट हवे हे मान्य करून तो एवढेच विचारतो की निवड कोणाच्या हातात असावी. पण झुकरबर्ग यांना लावलेली कसोटी इथेही लावायला हवी. थेट लाभ हस्तांतरणात आधारचा मोठा वाटा आहे आणि निलेकणी हे आधार उभारणाऱ्या प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष. लेखकाचा संबंध कळला म्हणून युक्तिवाद चूक ठरत नाही, मात्र वाचकाने तो जाणून वाचावे.

डिसेंबरच्या अखेरीस आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांसह अनेकांनी संयुक्त निवेदन काढले. चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीने सर्वांना मोफत ‘मूलभूत अन्न’ देऊ केले आणि मूलभूत म्हणजे काय हे स्वतःच ठरवले तर कसे होईल, असे त्यांनी विचारले. हेही साधर्म्यच आहे, पण ते नेमके निवडीच्या अधिकारावर बोट ठेवते. म्हणून या वादापुरते ते ग्रंथालयाच्या साधर्म्यापेक्षा सरस आहे.

संख्या आणि कारणे

डिसेंबरच्या पत्रावर ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. त्यांतील बहुतेक फेसबुकने आधीच लिहून दिलेल्या मजकुराच्या होत्या. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे ट्रायने जानेवारीत कंपनीला कडक शब्दांत कळवले. इथे प्रामाणिक वाचकाला अडखळायला हवे. एप्रिलमधले दहा लाख ईमेलही तयार मसुद्याचेच होते. मग फरक काय? एप्रिलच्या मसुद्यात ट्रायच्या वीस प्रश्नांना एकेक करून उत्तरे होती. डिसेंबरच्या मसुद्यात प्रामुख्याने पाठिंबा होता. हा फरक खरा आहे, पण लाखो माणसांनी स्वतः विचार करून लिहिले असा दावा मात्र कोणत्याच बाजूला करता येत नाही.

निकाल आणि नंतर

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने भेदभावी डेटा दरांवर बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातून ‘फ्री बेसिक्स’ काढून घेतले. दरम्यान फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनी भारताच्या वसाहतवादविरोधावर ट्विटरवर खोचक शेरा मारला आणि मग माफी मागितली. सगळे लक्ष त्या शेऱ्याकडे गेले. गणेश तिथून पुढे चर्चेत उरला नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओ सुरू झाले, आरंभी मोफत डेटा घेऊन. तो डेटा कुठल्याही संकेतस्थळासाठी वापरता येत होता, म्हणून नियमात बसत होता. काही वर्षांतच खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचले. निवडक इंटरनेट नाकारले तर गरीब माणूस बाहेरच राहील, हे फेसबुकचे भाकीत खरे ठरले नाही. पण विरोधकांनीही पाठ थोपटून घ्यावी असे नाही. नियमाने समानता राखली, स्वस्ताई मात्र एका बलाढ्य कंपनीच्या दरयुद्धातून आली. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या दाराने अडवलेली कंपनी अशी भागीदार म्हणून आत आली.

समारोप

या वादात ट्रायचा निर्णय योग्य होता, असे प्रस्तुत चिकित्सेचे मत आहे. काय मूलभूत हे विकणाऱ्याने ठरवू नये, हे तत्त्व टिकले. तरीही वादाची पद्धत सदोष होती. एका बाजूने शेतकऱ्याला पुढे केले, दुसऱ्या बाजूने त्याच्या वतीने तत्त्व मांडले, आणि त्याला कळेल अशा भाषेत त्याला कोणीच फारसे विचारले नाही. तंत्रज्ञानाच्या पुढच्या वादात कोणी शेतकरी, विद्यार्थिनी किंवा बचतगटातील ताई उदाहरण म्हणून आली, तर तिचे गाव कोणते आणि तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे आधी शोधावे.

विचारासाठी प्रश्न

१. ग्रंथालय आणि चॉकलेट कंपनी या दोन साधर्म्यांची तुलना करा. निवड कोणाची, पैसा कोणाचा आणि जाब कोणाला, या तीन कसोट्या वापरा.

२. तुमच्या भाषेतील वृत्तपत्रातून एखाद्या अ‍ॅपची किंवा उपकरणाची बातमी घ्या. तिच्यातील आकडा कोणी मोजला, हे बातमीतून कळते का?

३. झिरो रेटिंगला बंदी नसती तर तुमच्या तालुक्यातील एखाद्या लहान संकेतस्थळावर काय परिणाम झाला असता? बाजूने आणि विरोधात प्रत्येकी दोन कारणे लिहा.