‘अ स्मॉल प्लेस’ : पर्यटकाच्या नजरेची उलटतपासणी

अँटिग्वा हे कॅरिबियन बेट जाहिरातींतून ३६५ समुद्रकिनाऱ्यांचे बेट म्हणून पर्यटकांपुढे येते. १६३२ मध्ये तेथे इंग्रजांची वसाहत झाली. पुढे आफ्रिकी गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले. १८३४ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली, १९८१ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. याच बेटावर जन्मलेल्या जमैका किंकेड यांचे ‘अ स्मॉल प्लेस’ (१९८८) हे पुस्तक या इतिहासाच्या आधारे सुट्टीतील सुखाची चिकित्सा करते.

पुस्तकाचे सामर्थ्य त्याच्या संबोधनात आहे. ‘तुम्ही’ म्हणून संबोधलेला पर्यटक निरभ्र आकाश पाहून हरखतो. तेच आकाश रहिवाशांसाठी पाणीटंचाई असते. १९७४ च्या भूकंपात नुकसान झालेले आणि वर्षानुवर्षे दुरुस्तीविना राहिलेले ग्रंथालय हे पुस्तकातील प्रभावी प्रतीक होय. त्यातून वसाहतवादाबरोबरच स्वकीय राज्यकर्त्यांची अनास्थाही उघडी पडते.

तथापि, सामान्य अँटिग्वावासी येथे स्वतः फारसा बोलत नाही. त्याच्या वतीने, तरुणपणीच अमेरिकेत गेलेली लेखिका बोलते. ही मर्यादा मान्य करूनही पुस्तकाचे महत्त्व उणावत नाही. नेल्सनच्या नावाने ओळखली जाणारी तेथील नाविक गोदी २०१६ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरली. ती गुलामांच्या श्रमातून उभी राहिली. हा वारसा नेमका कोणाचा, हे विचारण्याची दृष्टी किंकेड वाचकाला देतात.