आराई काम्पो : प्रतिकृतीचे मोल

मराठीत ‘नक्कल’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. महसूल कचेरीतील नक्कल मूळ दस्तऐवजाच्या जागी ग्राह्य धरली जाते. कलेतील नक्कल मात्र हीन ठरते. आराई काम्पो (१८७८–१९४५) या जपानी चित्रकाराचे कार्य पाहता हा दुसरा निवाडा तपासून घ्यावा लागतो.

काम्पो हे ‘निहोंगा’ संप्रदायाचे. खनिज रंग सरसात कालवून रेशमावर वा कागदावर चित्रे काढण्याच्या जुन्या पद्धतीला पाश्चात्त्य तैलचित्रणाहून वेगळे ओळखण्यासाठी मेइजी काळात हे नाव पडले. ‘कोक्का’ या कलाविषयक नियतकालिकासाठी बौद्ध चित्रांच्या प्रती करताना त्यांचा हात तयार झाला. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये ते भारतात आले, कलकत्त्याच्या ‘विचित्रा’त त्यांनी शिकविले आणि पुढे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. बुलढाणा ज्या डोंगररांगेवर वसले आहे, तिच्यातच ही लेणी कोरलेली आहेत.

त्यांच्यापूर्वी रॉबर्ट गिल व जॉन ग्रिफिथ्स यांनी तैलरंगात प्रती केल्या होत्या. परंतु अजिंठ्याचे रंगही खनिजच, आणि तेही सरसासारख्या बंधकद्रव्यात कालवून कोरड्या गिलाव्यावर दिलेले. चित्रांचा प्राणही रेषेत आहे. म्हणजे काम्पो यांचे माध्यम मुळाचे सजातीय होते.

प्रतिकृतीत कल्पकतेला वाव नसतो, असा आक्षेप घेतला जातो. तथापि पुसट रेषा कोठे वळते, याचा निर्णय प्रतिकाराला पदोपदी घ्यावा लागतो. जीर्ण पोथीचा पाठ ठरविणाऱ्या संपादकाचे काम याहून निराळे नसते. जपानीत चित्राच्या प्रतीला ‘मोशा’ म्हणतात. त्यातील ‘शा’ हे अक्षर बौद्ध सूत्रे उतरवून काढण्याच्या ‘शाक्यो’ या पुण्यकर्माच्या नावातही येते. तेथे उतरवून घेणे ही एक उपासनाच होय.

अजिंठ्याच्या त्या प्रती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत तोक्यो येथे नष्ट झाल्या. मूळ चित्रे मात्र टिकली. १९४० पासून काम्पो होर्युजी मंदिरातील भित्तिचित्रांच्या प्रती करणाऱ्या एका गटाचे प्रमुख होते. त्याच कामासाठी जात असता १९४५ मध्ये वाटेतच त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये आगीत ती मूळ चित्रे होरपळली. आता त्यांचे पूर्वरूप जाणून घ्यावयाचे तर छायाचित्रांचा आणि अशा प्रतींचाच आधार उरतो.

एके ठिकाणी प्रत गेली, दुसऱ्या ठिकाणी मूळ. यापैकी काय टिकेल, हे प्रतिकाराला आधी ठाऊक नसते. म्हणून त्याच्या श्रमाचे मोल मुळाच्या नाशावर अवलंबून ठेवता येत नाही. ते त्याच्या वाचनाच्या सचोटीवरच ठरविले पाहिजे.