कालव्यावरची सहल आणि वाटेचे ऋण

प्रवासवर्णन हा मराठीत भरघोस पिकणारा वाङ्मयप्रकार आहे. परंतु पीक भरघोस आले म्हणजे धान्य सकस असतेच असे नाही. अलीकडे या पिकात एका नव्या वाणाची भर पडली आहे. युरोपातील कालव्यांतून बोटीने आणि त्यांच्या काठाकाठाने सायकलीवरून, वाटाड्यासह, आठवडाभर केलेल्या सहलीचे वर्णन हे ते वाण होय. ज्यांची मुले वा नातलग नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीकडे स्थायिक झाले आहेत अशा आपल्या कुटुंबांतून या सहलीला जाणारी माणसे आता विरळ राहिली नाहीत, आणि परतल्यावर एखाद्या स्मरणिकेसाठी वा दिवाळी अंकासाठी लेख लिहिण्याचा मोह त्यांतील काहींना आवरत नाही. हे लेख नीटनेटके असतात, प्रसन्न असतात, माहितीतही उणे नसतात. तरीही शेवटचे वाक्य वाचून पान उलटले की मागे काही उरत नाही. ते का उरत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम सहलीचे स्वरूप पाहू. हिचा फार प्रचलित मार्ग ॲमस्टरडॅम ते ब्रूज हा होय. गोमंतकीय वाचकाला 'बार्ज' म्हणजे काय हे सांगावयास नको. मांडवी-जुवारीवरून खनिज वाहणाऱ्या बार्जींचीच ही युरोपीय भावंडे. एके काळी माल वाहणाऱ्या अशा कित्येक बार्जींच्या पोटात आता निजण्याच्या लहान लहान खोल्या केल्या आहेत. सकाळची न्याहारी आटोपली की सायकली धक्क्यावर उतरतात. वाटाड्या पुढे आणि मंडळी मागे, असा तीस ते पन्नास किलोमीटरांचा पल्ला दिवसाकाठी पुरा होतो. सामान घेऊन बोट पुढच्या गावी गेलेली असते आणि संध्याकाळी दिवे लावून वाट पाहत उभी राहते. सायकलीची ही वाट अनेक ठिकाणी मुळात सायकलीसाठी नव्हतीच; ती बोट ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. ॲमस्टरडॅम आणि हार्लेम यांच्या दरम्यान १६३२ पासून घोड्यांनी ओढलेल्या उतारू-बोटी ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालत असत. फ्रान्समध्ये तर १८७९ साली फ्रेसिने या मंत्र्याने कालव्यांवरील लॉकचे माप कायद्यानेच ठरवून दिले, आणि त्यात मावेल अशी साडेअडतीस मीटर लांबीची बार्ज हे तेथील नित्याचे माप होऊन बसले. लॉक म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली. बोट आत आली की मागचे दार मिटते, पाणी चढते किंवा उतरते, आणि दोन्हीकडची पातळी सारखी झाल्यावर पुढचे दार उघडते. एवढ्या युक्तीने बोटी टेकड्या चढून जातात.

हा सारा व्यवहार देखणा आहे. परंतु तो व्यवहार आहे, हे विसरून चालणार नाही. वकिलाच्या दृष्टीने पाहता ही सहल म्हणजे एक करार होय. १८७२ च्या करारविषयक कायद्याची सारी अंगे तिच्यात सापडतात: प्रस्ताव आहे, स्वीकृती आहे, प्रतिफल आहे. शय्या किती, भोजने किती, पाऊस आल्यास काय, सायकलीचे चाक फुटल्यास कोणी पाहावयाचे, हे सर्व आधी लिहिलेले असते. दोन्ही पक्षांनी आपापली वचने पाळली की करार संपतो आणि कोणी कोणाचे देणे लागत नाही. कराराचे सौंदर्य यातच आहे आणि साहित्याची अडचणही यातच आहे. कारण जेथे हिशेब पुरता मिटला तेथे सांगण्यासारखे काय उरणार? चांगले प्रवासवर्णन हे न मिटलेल्या हिशेबातून जन्मास येते, असे माझे मत आहे.

याच कालव्यांवर लिहिलेल्या एका पुस्तकाचा दाखला घेऊ. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्या एका मित्रासह १८७६ साली अँटवर्पहून दोन लहान होड्या घेऊन निघाला आणि बेल्जियम व उत्तर फ्रान्समधले कालवे आणि नद्या वल्हवीत पाँत्वाझपर्यंत गेला. त्याचे वर्णन 'ॲन इनलँड व्हॉयेज' या नावाने १८७८ साली प्रसिद्ध झाले. हा गृहस्थ १८७५ मध्ये वकिलीची सनद घेऊन बसला होता; पुढे त्याने ती जवळजवळ वापरली नाही, ही गोष्ट निराळी. त्याच्याबरोबर वाटाड्या नव्हता, पुढच्या गावी दिवे लावून उभी असलेली बोट नव्हती. अंगावरच्या भिजक्या, मळक्या कपड्यांमुळे लोक त्याला फेरीवाला समजत. ला फेर या गावी तर चांगल्या खाणावळीच्या मालकिणीने त्याला दारातूनच परतवले. शेवटी एका साध्या खाणावळीत त्याला आसरा मिळाला. तेथील नवरा-बायकोने त्याला माणसासारखे वागवले. दुसऱ्या दिवशी बिल चुकते करताना त्याच्या ध्यानात येते की यजमानाच्या गोड गप्पांचे, त्या दांपत्याच्या परस्पर प्रेमाच्या दर्शनाचे आणि अपमानानंतर मिळालेल्या आदराचे पैसे या बिलात कोठेच लावलेले नाहीत.

माझ्या मते त्या साऱ्या पुस्तकाचा गाभा या बिलात आहे. कालवे, पॉप्लरची झाडे, पाऊस, चर्चचे घंटानाद ही त्याची आरास. परंतु दीडशे वर्षांनीही ते वाचावेसे वाटते ते ज्या रकमा बिलात आल्या नाहीत त्यांची नोंद एका माणसाने प्रामाणिकपणे केली म्हणून. आमच्या सहल-लेखकांकडे बिल असते, पावती असते, छायाचित्रे असतात. ही नोंद मात्र नसते.

आपल्याकडचे दाखले याहून भक्कम आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे पायी निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. निघाले ते एका ऋणासाठी, आणि परत आले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. म्हणजे दुसऱ्या ऋणासाठी. वाटेत मिळवलेला पैसा लुटला गेला, ऋणाची जाणीव तेवढी कोणाला लुटता आली नाही. नर्मदा परिक्रमेचा नियमही तपासून पाहावा. नदी उजव्या हाताला ठेवावयाची, ती ओलांडावयाची नाही, आणि मिळेल त्या भिक्षेवर चालावयाचे. काठाकाठाने जाणे तेथेही आहे आणि मंद गतीही तेथे आहे. मात्र परिक्रमावासीयाचे सामान वाहणारी बोट नाही. त्याची संध्याकाळ कोणाच्या तरी ओसरीवर अवलंबून असते. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' याच भूमीतून उगवली.

आणि आम्हां बेळगावकरांना काकासाहेब कालेलकरांचा विसर कसा पडेल? त्यांचे बेळगुंदी गाव येथून हाकेच्या अंतरावर. नद्यांवरील त्यांच्या लेखांच्या संग्रहाचे नाव 'लोकमाता', आणि त्यातील आमच्या मार्कंडीवरील लेखाचे नाव 'सखी मार्कंडी'. गंगा-गोदावरीला माता म्हणणे परंपरेने सोपे करून ठेवले आहे. बेळगुंदीजवळून वाहणाऱ्या, नकाशावर शोधावी लागणाऱ्या एका लहानशा प्रवाहाला सखी म्हणण्यासाठी मात्र स्वतःचे काही देणे आठवावे लागते. निळेशार, नयनरम्य, विलोभनीय अशी विशेषणे कितीही रचली तरी या एका नात्याच्या शब्दाची सर त्यांना येत नाही. विशेषण दृश्याला लागते, नाते माणसाला बांधते.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, कष्ट आणि उपासमार यांनाच तुम्ही साहित्यगुण ठरवता काय? तसे नव्हे. पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० साली पुस्तकरूपाने आली; तिच्यात उपासमार नाही की पायपीट नाही. तरी ती टिकली, कारण तिचा लेखक परक्या देशाची उलटतपासणी घेताना स्वतःलाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो, आणि जे आवडले त्याचे ऋण हसत हसत मान्य करतो. खडतरपणा आवश्यक नाही. कबुली आवश्यक आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साठी उलटलेल्या एखाद्या गृहिणीला, जिने आयुष्यभर घर आणि देवघर यांच्या पलीकडे पाऊल टाकले नाही, वाटाड्याच्या आधाराने परक्या देशात सायकल चालवता येते, ही लहान गोष्ट आहे काय? मुळीच नाही. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त मागणाऱ्या समाजाचे आपण वंशज आहोत. अशा बाईच्या सायकलीची चाके कोणी अडवू नयेत. वाटाड्याचे तर आपल्याला वावडे कधीच नव्हते. त्र्यंबकेश्वरी वा काशीस गेलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय गाठतोच. पण तो आधी विचारतो ते गाव आणि कुळ. मग वही उघडतो आणि आजोबा-पणजोबांच्या नावाखाली तुमचे नाव लिहितो. दक्षिणेच्या घासाघिशीत त्याचेही वर्तन नेहमी शोभणारे नसते, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याच्या वहीत यात्रेकरू कोणाचा तरी कोणी असतो. सहलीच्या यादीत तो एक आकडा असतो. सायंकाळी आकडा जुळला की वाटाड्याचे काम संपले. म्हणून दोष सहलीत नाही आणि वाटाड्यातही नाही. जी वही वाटाड्या ठेवत नाही ती लेखकाने ठेवावयास हवी.

ती कशी ठेवावी? फ्रान्सच्या दक्षिणेतला कॅनाल द्यु मिदी घ्या. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा हा सुमारे २४० किलोमीटरांचा कालवा १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला आणि १९९६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. एवढे प्रत्येक लेखात येते. पण तो उभारणारा प्येर-पॉल रिके हा मिठावरील कर गोळा करणारा अधिकारी होता, त्याने स्वतःची मालमत्ता या कामात घातली आणि कालवा खुला होण्यास काही महिने उरले असताना १६८० मध्ये तो कर्जात मरण पावला, हे लिहावे. खोदणाऱ्या हजारो मजुरांत बायकांचाही मोठा भरणा होता, हे लिहावे. सायकलीवर सावली धरणारे चिनाराच्या जातीचे वृक्ष एका बुरशीने मरत आहेत. २००६ पासून ते हजारोंनी तोडावे लागले. आणि दुसऱ्या महायुद्धात आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी युरोपात शिरली असे मानले जाते. आपण ज्या सावलीतून गेलो तिची ही कुळकथा आहे. लॉकची दारे उघडून देणारा माणूस थंडीत काय करतो, उन्हाळाभर हसतमुख असणारा वाटाड्या उरलेले महिने कोठे कामाला असतो, हे विचारण्यास कोणता करार आड येतो? विचारले की माणूस दिसू लागतो, आणि माणूस दिसला की लेखाला पाय फुटतात.

ही कसोटी परदेशापुरती नाही. अशा सहली आता गोमंतकातही निघतात. फेरीबोटीतून सायकली दिवाडी बेटावर नेतात आणि वाटाड्यासह पाहुण्यांना फिरवतात. कुंभारजुव्याच्या कालव्यातून मगरी पाहण्यासाठी होड्या जातात. उद्या आमच्यातलाच कोणी त्यावर लिहील. बेटाची हिरवळ, जुनी घरे, शांतता हे सर्व तो लिहील, आणि ते खोटेही नसेल. परंतु दिवाडीवरचे सप्तकोटीश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, देव पाण्यापलीकडे नारव्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी तेथे त्याचे देऊळ बांधविले, हे ज्याच्या लेखात नाही त्याने दिवाडीवर केवळ चाके फिरवली असे म्हणावे लागेल.

याच्याही पुढे जाऊन एक गोष्ट विचारावीशी वाटते. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा १५६६ मध्ये कवळ्यास आली. जुवारीचे पात्र कोणी तरी ओलांडून दिले म्हणूनच आज आपण त्या देवळांत नारळ ठेवतो. देवाचे नाव सर्वांना ठाऊक आहे, महाजनांची नावेही ठाऊक आहेत. त्या रात्री वल्हे हाती धरणाऱ्या तारीचे नाव कोणाला ठाऊक आहे? त्याने काही प्रतिफल घेतले असेल, नसेलही. त्याचा हिशेब मात्र मिटलेला नाही. आपल्या समाजाचे पहिले प्रवासवर्णन त्या होडीत सुरू झाले आणि ते अद्याप पुरतेपणी लिहिले गेलेले नाही. युरोपच्या कालव्यांवरून आनंदाने परतलेल्या आमच्या लेखकांनी एकदा या पाण्याकडेही वहीच घेऊन यावे.