वाढणारीचे पान

मराठी ललितवाङ्मयात 'घरचे जेवण' हा आता एक संकेत होऊन बसला आहे. कथानायक गावाहून शहरात शिकायला किंवा नोकरीला निघाला, की दोनचार पानांतच खानावळीची पाणचट आमटी, चिवट पोळी आणि कळकट टेबल येणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. पुढे दिवाळीच्या सुटीत नायक घरी येतो, आई चुलीपुढे बसलेली असते, ताटात वाफाळलेला भात पडतो, त्यावर तुपाची धार, आणि नायकाचे डोळे भरून येतात. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे या संकेताची सोय मला चांगली ठाऊक आहे. आईची माया, गावाची ओढ आणि शहराचा कोरडेपणा ही तिन्ही एका ताटात वाढता येतात. लेखकाचे पुष्कळ कष्ट वाचतात. परंतु ज्या संकेताने लेखकाचे कष्ट वाचतात, त्याच्याकडे समीक्षकाने जरा संशयाने पाहिलेले बरे.

या वर्णनांत मला एक गोष्ट नेहमी खटकते. जेवणारा काय जेवला आणि किती जेवला, हे अगदी बारकाईने येते. वाढणारीचा हात दिसतो; क्वचित हातातल्या बांगड्याही दिसतात. पण तिचे स्वतःचे पान कुठे मांडले होते, ती केव्हा जेवायला बसली, तोवर पातेल्यात काय उरले होते, हे लेखक सांगत नाही. त्याच्या मनात काही वाईट असते असे नाही. तो तोपर्यंत हात धुऊन ओसरीवर गेलेला असतो, इतकेच. आपल्या वाङ्मयातील घरचे जेवण बहुतांशी ज्याला वाढले गेले त्याने लिहिले आहे, आणि म्हणून घर विरुद्ध हॉटेल हा आपला वाद अर्ध्याच साक्षीवर चालत आला आहे.

उरलेली साक्ष मिळतच नाही असे मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्या पुस्तकात अन्न ही गोड आठवण म्हणून क्वचितच येते. ते आधी मिळवायचे असते, मग निवडायचे आणि शिजवायचे असते, आणि ऐन वेळी टिळक कोणाला घेऊन येतील त्यालाही पुरवायचे असते. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी अख्खे घर कसे वेठीला धरले गेले होते, हे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. पण त्या हसण्याखाली घरातल्या बायकांचे कष्ट स्पष्ट दिसतात. पुढे त्याच लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने विटाळाची कल्पना सोडून देतात. तो प्रसंग मला त्यांच्या धर्मांतराइतकाच मोठा वाटतो, कारण स्वयंपाकघराची भिंत त्यांनी आतून पाडली.

याच्या शेजारी १९६३ सालची 'कोसला' ठेवून पाहावी. पांडुरंग सांगवीकर हा गावाकडून पुण्याला शिकायला आलेला मुलगा. म्हणजे वर सांगितलेल्या संकेताला अगदी योग्य असा नायक. पण नेमाड्यांनी त्याच्या गळ्यात वसतिगृहाच्या मेसचा कारभार घातला. मेसमधल्या जेवणाला नावे ठेवणारे नायक आपल्याकडे पुष्कळ झाले. दुसऱ्यांच्या जेवणाची काळजी ज्याला वाहावी लागते असा नायक विरळाच. माणसांना रोज वेळेवर जेवू घालणे हे काम आहे, त्यात हिशेब आहे, उसनवारी आहे, फसवणूक आहे, आणि आभार मुळीच नाहीत, हे त्याला कळते. हेच काम त्याच्या घरी बायका निमूटपणे करीत असणार, हा विचार वाचकाच्या मनात आपोआप येतो.

खाण्यावरील मराठी लेखनाचा विषय निघाला की पु. ल. देशपांड्यांचे 'माझे खाद्यजीवन' आठवतेच. 'हसवणूक' या १९६८ सालच्या संग्रहातला हा लेख आजही लोक एकमेकांना वाचून दाखवतात, आणि तो त्या योग्यतेचा आहे. मात्र तो खाणाऱ्याचा लेख आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७० साली, कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. पहिल्याला आपण वाङ्मय म्हटले. दुसऱ्याला भेटवस्तू मानून नव्या नवरीच्या रुखवतात ठेवले. माझ्या मते या दोहोंचा विचार एकत्र व्हायला हवा. 'रुचिरा'त कमलाबाईंनी वाटी आणि चमचा ही मापे दिली. आजवर जे 'अंदाजाने' होते, म्हणजे जे सासू सांगेल तेव्हाच सुनेला कळायचे, ते त्यांनी कागदावर उतरवले. त्यामुळे स्वयंपाक ही हातची देणगी न राहता कोणालाही शिकता येणारी विद्या झाली. परगावी खोली घेऊन राहणारा तरुणही ते पुस्तक उघडून वरणभात करू शकला. 'आईच्या हातची चव' या शब्दांमागे किती वर्षांचे मोजमाप दडलेले असते, हे मला शंभर भावकथांपेक्षा या एका पुस्तकाने अधिक चांगले शिकवले.

आता उंबऱ्याबाहेरच्या जेवणाकडे वळू. बाहेर खाण्याला आपल्याकडे जो दोष चिकटला, तो केवळ तेलतिखटाचा नव्हता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्यायली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. त्या एका चहावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. चहा बेचव होता अशी तक्रार कोणी केली नव्हती. प्रश्न कोणाच्या हातचे घेतले, हा होता. घरच्या अन्नाचे पावित्र्य पुष्कळ अंशी दारावरच्या पहाऱ्यावर उभे होते, हे विसरून आपण त्या अन्नाचे गोडवे गाऊ शकत नाही. ज्यांना त्या दाराबाहेर ठेवले त्यांनी पुढे स्वतःचे अन्न लिहिले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) भाकरीचा तुकडा हक्काचा की लाचारीचा, हा प्रश्न प्रत्येक घासाला चिकटलेला आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आपल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. जेवणाआधीच्या श्लोकातल्या शब्दाला एक 'अ' लावून त्यांनी जे सांगितले, त्याला आपल्या पंगतींनी अजून उत्तर दिलेले नाही.

मग हॉटेलने ही भिंत पाडली म्हणावे काय? काही अंशी होय. पैसे टाकून खुर्चीवर बसणाऱ्याला शेजारी कोण बसला आहे हे विचारता येत नाही. पण गावोगावच्या चहाच्या दुकानांत कोपऱ्यात वेगळी ठेवलेली कपबशीही आपल्याच लोकांनी ठेवली होती. बाहेरचे जग आपोआप शहाणे होत नसते.

घर आणि बाहेर यांची रेघ पुसून टाकणारी एक संस्था आपल्याकडे होती. ती म्हणजे गिरणगावातली घरगुती खानावळ. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुले गावी ठेवलेले गिरणीकामगार एखाद्या बाईच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने जेवत. त्यांच्या दृष्टीने ते बाहेरचे जेवण. त्या बाईच्या दृष्टीने ते घरच. तोच तवा, तेच पोळपाट. एका पोळीवर तिच्या मुलाचे नाव आणि दुसरीवर महिन्याचा हिशेब. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ सालच्या संपात कामगार गावी परतू लागले, तेव्हा गिरणीच्या भोंग्याबरोबर या चुलीही थंडावल्या. संपावर आपल्याकडे बरेच लिहिले गेले. पण खानावळवाली आपल्या कथेत आली ती बहुधा आमटीत पाणी घालणारी म्हणून. तिने पीठ कोणत्या भावाने आणले आणि तिची किती गिऱ्हाइके उधारी ठेवून गेली, हे लिहिणारी कादंबरी मी अजून शोधतो आहे.

आजचे चित्र आणखी निराळे आहे. भ्रमणध्वनीवर बोट ठेवले की हॉटेलचा डबा दारात येतो आणि माणसे घरच्या जमिनीवर बसून बाहेरचे जेवतात. यावर आमच्या पिढीचे लेखक हळहळणारे लेख लिहितात. त्यांची हळहळ अगदीच खोटी नाही. हॉटेलातला माणूस ताटात काय उरले ते पाहतो, पण का उरले ते विचारीत नाही. घरी एखादे मूल अर्धी पोळी टाकून उठले, की शाळेत काहीतरी घडले आहे हे कोणाच्या तरी लक्षात येते. घरच्या जेवणाची खरी किंमत त्या लक्ष असण्यात आहे. ती गेली तर मोठे नुकसान होईल, असे मलाही वाटते.

परंतु हे लक्ष आजवर एकाच दिशेने वाहत आले आहे. शाळेत मी दरवर्षी 'आमच्या घरचे जेवण' हा निबंध लिहायला देतो. मुले गरम पोळी, लोणचे, आजीचा आग्रह असे सगळे नेमाने लिहितात. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने लिहिले, की तिला हॉटेलात जायला आवडते, कारण तिथे आई त्यांच्याबरोबरच जेवायला बसते. निबंधात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. तरीही आमच्या अनेक नामवंत कथांत मला न सापडलेले निरीक्षण त्या एका वाक्यात होते. केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या पाहणीत, घरातली बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे त्यांत घालवतात, असे आढळले. त्यातही अशी कामे करणारे पुरुष मुळातच थोडे. त्या मुलीला हे आकडे ठाऊक नव्हते. तिला फक्त आईची रिकामी जागा दिसत होती.

म्हणून घर श्रेष्ठ की हॉटेल, या वादात मी पडू इच्छीत नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. यापुढे कोणत्याही कथेत जेवणाचा प्रसंग आला, तर शेवटचे पान कोणाचे होते हे वाचकाने विचारावे आणि लेखकाने लिहून ठेवावे. घर असो, खानावळ असो, नाहीतर उडुप्याचे हॉटेल असो. वाढणारा माणूस केव्हा आणि काय जेवला, हे ज्या लेखनात दिसते त्यातली चव मला खरी वाटते. आणि लिहिता लिहिता एखाद्या लेखकाला उठून आपल्या स्वयंपाकघरात जावेसे वाटले, तर त्याची कथा एक दिवस उशिरा संपली तरी संपादकांनी रागावू नये.